मादाम क्यूरींचा संसार

मादाम क्यूरी म्हटले की काळ्या झग्यातली, प्रयोगशाळेत उभी असलेली एक गंभीर बाई आपल्या डोळ्यांपुढे येते. दोनदा नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या विदुषीच्या संशोधनावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र, नोकरी करून घर सांभाळणारी बाई म्हणून, त्यांच्या स्वयंपाकघराचेच कुतूहल अधिक. तेव्हा भगिनींनो, आज त्यांच्या संसाराविषयी चार शब्द सांगते.

त्यांचा जन्म १८६७ सालचा, पोलंडमधील वॉर्सा शहरातला. शिक्षणासाठी त्या पॅरिसला आल्या आणि १८९५ साली पिअर क्यूरी या शास्त्रज्ञाशी त्यांचे लग्न झाले. पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून लग्नाचा पोशाखही त्यांनी गडद निळा घेतला! आहेराच्या पैशांतून दोन सायकली आल्या आणि नवदांपत्य त्यांवरूनच गावोगाव हिंडून आले. सासऱ्यांनी देऊ केलेले सामान बाईंनी नको म्हटले. जितके सामान जास्त, तितकी झाडपूस जास्त, हा हिशेब आपल्यालाही पटण्यासारखा आहे. स्वयंपाकाचे धडे त्यांनी बहिणीच्या घरी घेतले होते, आणि रोजचा जमाखर्च त्या नेमाने वहीत मांडीत.

१८९७ साली थोरली मुलगी इरेन झाली. तिचे वजन, तिचे दात, सारे त्या टिपून ठेवीत. दाईने पोर बागेत हरवले तर नसेल ना, या धास्तीने त्या हातातले काम टाकून धावत जात. १८९८ साली त्यांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. त्याच वर्षी पाकपुस्तकाच्या समासात त्यांनी नोंद केली आहे ती गूजबेरी नावाच्या आंबट फळाच्या जेलीची: आठ पौंड फळे, तितकीच साखर, बरण्या भरल्या चौदा.

हे सारे त्यांना एकटीला जमले का? मुळीच नाही. इरेनच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई वारल्या आणि सासरे, डॉक्टर यूजीन क्यूरी, मुलाकडे राहावयास आले. नातीला गोष्टी सांगणे, तिच्याशी खेळणे हे आजोबांनी आपल्याकडे घेतले. १९०४ साली धाकटी एव्ह झाली. १९०६ च्या एप्रिलमध्ये पिअर घोडागाडीखाली सापडून गेले. तेव्हाही सासरे सुनेला सोडून गेले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाई सोर्बोन विद्यापीठात पतीच्या जागी शिकवू लागल्या. १९१० साली सासरे वारेपर्यंत हा आधार टिकला.

उणिवाही होत्याच. पतीचा विषय त्या मुलींपुढे काढू शकत नसत. त्यामुळे वडील गेल्यावर त्यांच्या आठवणींनाही मुली पारख्या झाल्या. १९११ चे दुसरे पारितोषिक मिळाल्यानंतर आजारपणामुळे त्यांना कित्येक महिने मुलींपासून दूर राहावे लागले. एव्हची नटण्याची आवड आणि उंच टाचांचे जोडे त्यांना रुचत नसत. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे, रेडियमने बोटे भाजली तरी त्याचा धोका त्यांनी मनावर घेतला नाही. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या विकाराने त्यांचा अंत झाला, तो बहुधा अशा किरणांमुळेच.

मात्र कामाच्या धबडग्यातही त्यांनी आपली हौस मारली नाही. सायकल होती, बागकाम होते, आणि पन्नाशी उलटल्यावरही ब्रिटनीच्या समुद्रात त्या मजेत पोहत असत.

मुलींचे काय झाले, असे कुणी विचारील. इरेनला १९३५ साली पतीसह नोबेल पारितोषिक मिळाले. एव्ह संगीत आणि लेखनाकडे वळली. १९३७ साली तिनेच आईचे चरित्र लिहिले, आणि आईचा हट्टीपणा, तिची अबोल दुःखे व जेलीच्या त्या चौदा बरण्याही त्यात मायेने नोंदवून ठेवल्या.

सर्व काही आपल्याच हातून, आणि तेही निर्दोष झाले पाहिजे, असे आपण उगाच मनाशी घेतो. एवढ्या मोठ्या बाईलाही ते साधले नाही. घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाती मूल सोपवून त्या कामाला गेल्या, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. आपणही मदत मागताना संकोच करू नये, आणि शेजारणीने मागितली तर नाही म्हणू नये.