आयुष्याच्या संध्याकाळी : डॉ. सालिम अली यांच्या जीवनातून काही बोध

माणसाचे आयुष्य दुर्बलतेपासून सुरू होते, मध्ये काही काळ सामर्थ्याचा येतो आणि त्यानंतर पुन्हा दुर्बलता व पांढरे केस येतात, असा क्रम दिव्य कुरआनच्या सूरह रूममध्ये सांगितला आहे. हा क्रम निर्मात्याने ठरविलेला आहे. त्यातून कोणाची सुटका नाही. मात्र त्या शेवटच्या टप्प्यात कसे जगावे, याचा विचार आपण फार उशिरा करतो.

आमच्या बल्लारपुरात फजरच्या नमाजनंतर काही वडीलधारी मंडळी मशिदीच्या ओट्यावर बसून राहतात. कोणी पेपर मिलमधून निवृत्त झालेले, कोणी कोळशाच्या खाणीतून. मुले पुण्याला, नागपूरला, हैदराबादला स्थायिक झालेली. कोणाची पत्नी अल्लाहला प्यारी झालेली. घरी जाण्याची घाई कोणालाच नसते. आता आपले काय काम उरले, हा एकच प्रश्न त्यांच्या बोलण्यात निरनिराळ्या रूपांनी डोकावतो. इमाम म्हणून मी त्यांना सब्रचा उपदेश करतो. पण या प्रश्नाला निव्वळ उपदेश पुरत नाही. म्हणून आज एका अशा माणसाचे चरित्र सांगतो, ज्याला अपत्य नव्हते, ज्याची पत्नी ऐन चाळिशीत गेली आणि तरीही ज्याचे म्हातारपण रिकामे गेले नाही. ते म्हणजे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना आपल्या घरी वाढविले. यतिमाच्या डोक्यावर हात ठेवण्याचे पुण्य आपल्या धर्मात किती मोठे मानले आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्या घरातील एका यतीम मुलाने पुढे देशाचे नाव जगात नेले.

मामा शिकारी होते. लहानग्या सालिमच्या हाती छऱ्याची बंदूक होती. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणत्या जातीची चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी मुलाला गप्प बसविले नाही. ओळखपत्र देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठविले. त्या इंग्रज गृहस्थाने ती चिमणी ओळखली आणि पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटे मुलासमोर उघडली. एका मोठ्या माणसाने लहान मुलाच्या प्रश्नासाठी काढलेला तो थोडा वेळ एका आयुष्याची दिशा ठरवून गेला.

येथे ह. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची आठवण होते. त्या मुलाने पाळलेला इवलासा पक्षी मेला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला कुनियतने हाक मारून त्या पक्ष्याची आपुलकीने विचारपूस केली. उम्मतचा भार वाहणाऱ्या प्रेषितांना (स.) एका मुलाच्या पक्ष्यासाठी वेळ होता. आपल्याला मात्र नातवाच्या प्रश्नासाठी वेळ नसतो.

सालिम अली हे प्रकृतीने जन्मतः दणकट होते, असे नाही. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना डोकेदुखीने इतके ग्रासले, की शाळा वारंवार बुडू लागली. कोरड्या हवेने आराम पडेल म्हणून त्यांना सिंध प्रांतात नातेवाइकांकडे पाठविण्यात आले. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाले. पुढे ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात काही वर्षे गेली. १९१८ साली तहमीना यांच्याशी निकाह झाला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मिळालेली नोकरी जर्मनीतून शिकून परतेपर्यंत गेलेली होती, कारण त्या पदासाठी पैसाच उरला नव्हता. तेव्हा पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम गावी राहावयास गेले. बेकारीच्या त्या दिवसांत त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले आणि त्या अभ्यासानेच त्यांना विद्वानांत मान मिळवून दिला.

त्यानंतर त्यांनी अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. त्यांत निजामाचे हैदराबाद राज्यही होते. आमच्या वर्धा नदीपलीकडचा राजुरा तेव्हा त्याच राज्यात मोडत असे. या भटकंतीत तहमीना त्यांच्या सोबत असत. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते.

येथे थोडे थांबून विचार करावा. आईवडील नाहीत, पत्नी नाही, मूल नाही, कायमची नोकरी नाही. अशा माणसाने स्वतःला एका खोलीत कोंडून घेतले असते, तर त्याला कोणी दोष दिला असता का? सालिम अली बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्या घरी राहावयास गेले. बहिणीने भावाला आधार दिला, भावाने तो संकोच न करता स्वीकारला. रक्ताची नाती जोडून ठेवणाऱ्याच्या उपजीविकेत आणि आयुष्यात वृद्धी होते, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली आहे. नाते जोडण्यात आधार देणे जसे येते, तसा तो प्रेमाने घेणेही येते. आपल्यातील कित्येक वृद्ध मुलीच्या किंवा बहिणीच्या घरी चार दिवस राहणेही कमीपणाचे मानतात. या अभिमानाने एकटेपणाखेरीज दुसरे काही हाती लागत नाही.

पत्नीच्या निधनानंतर सालिम अली ४८ वर्षे जगले आणि त्यांचे सर्वांत मोठे काम याच काळातील आहे. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली आले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेल्या भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांच्या दहा खंडी ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली निघाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. शेवटचा खंड १९७४ साली प्रसिद्ध झाला. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी मिळालेल्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गसंरक्षणाच्या निधीसाठी दिली. १९८५ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. दुर्बीण घेऊन पायी रानोमाळ हिंडणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता, म्हणून शरीराला चालना देण्याचा वेगळा खटाटोप त्यांना करावा लागला नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तरुण अभ्यासक सदैव त्यांच्याभोवती असत. ज्याला स्वतःचे मूल नव्हते, त्याने पक्षी पाहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या घडविल्या.

आता या चरित्रातील एक गोष्ट, जी सांगताना मला इमाम म्हणून संकोच वाटतो. पण ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सालिम अली धर्माच्या बाह्य आचारांपासून दूर राहिले. लहानपणी त्यांना कुरआनचे अरबी पठण शिकविले गेले, परंतु अर्थ कोणी समजावून दिला नाही. आणि काही वडीलधाऱ्यांची दिखाऊ धार्मिकता त्यांना खटकली. या बाबतीत ते आपला आदर्श नाहीत. त्यांचा हिशेब अल्लाहपाशी आहे, तो मांडण्याचा अधिकार आपला नाही. पण त्या वडीलधाऱ्यांचा हिशेब मात्र आपण स्वतःशी मांडला पाहिजे. ज्या मुलाला चिमणीचे नाव समजावून सांगणारा माणूस भेटला, तो आयुष्यभर पक्ष्यांचा झाला. कुरआनचा अर्थ तितक्याच प्रेमाने समजावून सांगणारा माणूस त्याच मुलाला भेटला नाही. आकाशात पंख पसरून विहरणारे पक्षी अल्लाहच्या तस्बीहमध्ये मग्न असतात, हे सूरह नूरमधील सत्य त्याच्या कानी वेळेवर आणि त्याला कळेल अशा भाषेत पडले असते तर?

म्हणून ओट्यावर बसणाऱ्या माझ्या बुजुर्गांना मी सांगतो, की तुमचे काम संपलेले नाही. जोपर्यंत पाय चालतात, तोपर्यंत मशिदीत पायी या. उन्हाळ्यात फजरनंतरची थंड वेळ चालण्यासाठी राखा, कारण शरीर ही अमानत आहे. बहीण-भावांकडे, सुना-मुलींकडे येणे-जाणे ठेवा. आणि दररोज घटकाभर आमच्या मकतबमध्ये येऊन बसा. मुले सूरह पाठ करतात. तिचा अर्थ त्यांना सोप्या मराठीत सांगा. झाडाचे, पक्ष्याचे नाव विचारले तर सांगा, आणि येत नसेल तर त्या मुलाला मामा अमिरुद्दीन यांच्याप्रमाणे जाणकाराकडे घेऊन जा. मुलांना रागावण्यासाठी मशिदीत वडील पुष्कळ आहेत. समजावणारे हवे आहेत. लहानांवर दया न करणारा आणि मोठ्यांचा आदर न करणारा आपल्यातील नव्हे, या शिकवणीचा पहिला अर्धा भाग मोठ्यांसाठीच आहे.

सालिम अली यांना अखेरच्या काळात कर्करोगाने ग्रासले आणि २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. दीर्घायुष्य अल्लाहच्या हाती आहे. ज्याचे आयुष्य दीर्घ आणि कर्म चांगले, तो माणसांत उत्तम, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. अल्लाह आपल्या बुजुर्गांना आरोग्य, आप्तांचा सहवास आणि मुलांना समजावून सांगण्याची उमेद प्रदान करो, आणि आपल्या मुलांना त्यांच्याजवळ बसण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.