पुण्यात 'लागलेला' एक इंजिनिअर

चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेस पकडून सीएसएमटीला उतरलो की आपण लगेच लोकल गाठायला धावतो. पुढच्या वेळी मात्र रस्त्यापलीकडे जाऊन दोन मिनिटं मान वर करा. तो घुमट बांधणाऱ्या माणसाची पहिली नोकरी आपल्या पुण्यातली!

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इंग्लंडमधल्या बाथचा. हे अख्खं गावच मधाच्या रंगाच्या दगडी घरांचं. तिथेच एका आर्किटेक्टच्या हाताखाली तो दगडाचं काम शिकला. 1867 मध्ये, जेमतेम विशीत, पीडब्ल्यूडीचा असिस्टंट इंजिनिअर म्हणून इकडे आला आणि पोस्टिंग मिळालं पुण्याला. लवकरच मुंबईला बदली झाली. खलाशांसाठी त्याने बांधलेली इमारत (आजचं राज्य पोलीस मुख्यालय) 1876 मध्ये पूर्ण झाली आणि त्याचं नाव झालं.

मग बोरीबंदरच्या नव्या स्टेशनचं काम आलं. स्टीव्हन्स आधी दहा महिने युरोपातली स्टेशनं बघत हिंडला. (आपली इंडस्ट्रियल व्हिजिट एका दिवसात उरकते, ते सोडा.) 1878 मध्ये सुरू झालेलं बांधकाम दहा वर्षं चाललं. खर्च सुमारे 16 लाख रुपये.

सिव्हिलवाल्यांनी घुमटाकडे नीट बघावं. दगडी घुमट पूर्ण होईपर्यंत स्वतःला पेलू शकत नाही, म्हणून खाली लाकडी सेंटरिंग लावतात. इथे सेंटरिंगच नाही! अष्टकोनी घुमटाच्या फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचा करून असे अडकवले, की काम चालू असतानाही ते जागेवर राहिले. हिशोब चुकला असता तर खालच्या गवंड्यांच्या जिवावर बेतलं असतं. त्या काळी हे धाडसच होतं.

पण हे एकट्याचं काम नव्हे. पानंफुलं, माकडं, मोर कोरण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. स्टीव्हन्सचे असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. पुढे ताजमहाल हॉटेलचा आराखडा डी. एन. मिर्झांसोबत त्यांनीच केला. स्टीव्हन्सचं नाव तरी पुस्तकात सापडतं, वैद्यांचं किती जणांना ठाऊक आहे?

स्टेशनसमोरची महापालिका 1893 मध्ये झाली, चर्चगेटचं रेल्वे ऑफिस 1899 मध्ये. दोन्ही स्टीव्हन्सचीच. मार्च 1900 मध्ये मलेरियाने तो मुंबईतच गेला. बाथला परतणं झालं नाही; त्याला शिवडीच्या दफनभूमीत पुरलं.