बादशहा आणि बंदुकीची नळी

राष्ट्रीय छात्रसेनेतील मुले गोळीबाराचा सराव आटोपून आली की प्रथम त्यांना रायफलीची नळी साफ करावी लागते. दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढावयाची, काळी निघाली की दुसरी ओढावयाची. मुलांना हे काम मोठे कंटाळवाणे वाटते. परंतु नळीत राहिलेली काजळी ओलावा धरते आणि ओलाव्यामागून गंज येतो. आजच्या कित्येक स्वयंभरण रायफलींत तर नळीतील वायूचा थोडा अंश बारीक छिद्रातून घेतात व त्याच्या जोरावर पुढील काडतूस आत येते. त्या वाटेत काजळी साचली की ऐन वेळी हत्यार अडून बसते. बंदुकीच्या या दुखण्यांचा विचार चारशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्याने मनापासून केला, तो कोणी लोहार नव्हता. तो हिंदुस्थानचा बादशहा जलालुद्दीन महंमद अकबर होता; आणि आपल्या बऱ्हाणपुराशी त्याचे नाते फार दुःखाचे आहे.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे झाला. बाप हुमायून त्या वेळी राज्य गमावून रानोमाळ भटकत होता. पुढे १५५६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, अकबर गादीवर आला. लिहिणेवाचणे त्याला अखेरपर्यंत साधले नाही. ग्रंथ तो दुसऱ्याकडून वाचवून घेई. मात्र हातांची विद्या त्याला उपजतच होती. फत्तेपूर सिक्रीस राहून गेलेल्या मॉन्सेरात नावाच्या जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवले आहे की, राजवाड्याजवळच कारखाना होता आणि बादशहा तेथे कारागिरांचे काम पाहत बसे, प्रसंगी स्वतःही हात चालवी.

त्या काळची तोड्याची बंदूक शत्रूपेक्षा धन्यालाच अधिक भिववीत असे. लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या दोन कडा एकमेकींना भिडवीत व जोडीत. असा सांधा दारूच्या जोराने उकले आणि नळी बंदूक चालविणाराच्या तोंडाशी फुटे. म्हणून नळीच्या चौथ्या हिश्शाहून अधिक दारू भरण्याचे कोणास धैर्य नसे. अबुल फजलाने ‘आईन-ए-अकबरी’त यावरील उपाय दिला आहे. पत्रा तिरपा गुंडाळावयाचा, एक पदर दुसऱ्यावर चढवावयाचा आणि मंद आचेवर तापवीत ते जोडावयाचे. आता सांधा कडेला कड असा राहिला नाही, पदरावर पदर बसला. अशी नळी तोंडापर्यंत दारू भरली तरी फुटत नसे, असे तो लिहितो.

परीक्षाही कसून होई. कच्च्या नळीला जुन्याच दस्त्यावर बसवून, तिसरा हिस्सा दारू भरून ती उडवीत. कोठे झिरपा दिसला नाही तरच ती पुढे जाई. मग नळीच्या तोंडाचे काम पुरे करून पुन्हा चाचणी. गोळी वाकडी गेली तर दोष नेम धरणाराचा न मानता नळीचा मानीत. ती तापवून, आत गज घालून सरळ करीत, आणि मगच कानस चालविणाराच्या हाती देत. लोखंडाचे वजन, ते कोठून आले, कारागीर कोण, ठिकाण, तारीख आणि क्रमांक हे सारे नळीवर कोरलेले असे. वाईट नळी निघाली तर कोणाला विचारावे, हे त्यावरून कळे. ही योजना आम्हांस साऱ्यांत शहाणपणाची वाटते. सफाईसाठी एक चक्र केले होते. ते बैलाकडून फिरवीत आणि थोड्या वेळात सोळा नळ्या एकदम साफ होत. पूर्वी त्यासाठी एका दणकट माणसाला बराच वेळ घासत बसावे लागे. अबुल फजल या साऱ्याचे श्रेय धन्याला देतो. दरबारी लेखकाकडून दुसरे काय अपेक्षावे? तरी उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन कारागिरांची नावे त्याने टाकली नाहीत, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

अकबराच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’. तिने एक हजार एकोणीस जनावरे मारल्याची नोंद ‘आईन’मध्ये आहे. फेब्रुवारी १५६८ मध्ये चितोडच्या वेढ्यात, पडलेल्या तटाची रात्री डागडुजी करवून घेणारा एक चिलखतधारी वीर अकबराने बंदुकीने टिपला. तो गडाचा सेनानी जयमल राठोड होता. गड पडला, आणि त्यानंतर अकबराच्या हुकुमाने जी कत्तल झाली, तिचा डाग त्याच्या चरित्रावरून पुसता येत नाही.

१६०० साली तो बऱ्हाणपुरास आला. उत्तरेस असीरगडावर बहादूरखान फारुकी ठाण मांडून बसला होता. त्या गडापुढे अकबराच्या तोफा लंगड्या पडल्या. जेझुइटांच्या वृत्तांताप्रमाणे त्याने पोर्तुगीजांकडून चौलहून तोफा मागविण्याची खटपट केली. छावणीतील पाद्री झेवियर याने तसे पत्र लिहिण्याचे नाकारले, तेव्हा बादशहा संतापला. आम्ही घरी कोंकणी बोलणारे. चौलचे नाव असीरगडाच्या हकिगतीत पाहून मौज वाटली. अखेर बहादूरखान बाहेर आला तो अडकविला गेला, आत रोगराई माजली होती, सोनेही वाटले गेले, आणि जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले. बंदूक येथे उपयोगी पडली नाही.

जिंकलेला खानदेश अकबराने धाकटा मुलगा दानियल याच्या हाती दिला, आणि प्रांताला त्याच्या नावावरून दानदेश म्हणू लागले. मधला मुलगा मुराद १५९९ मध्ये मद्यापायी गेला होता. दानियलही त्याच वाटेस लागला. बापाने आग्र्याहून ताकिदी पाठविल्या. खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे आपला दोहेकार रहीम, याने जावयाभोवती पहारे बसविले. येणाऱ्याजाणाऱ्याची झडती होऊ लागली.

दानियलाला बापाप्रमाणेच बंदुकीचा नाद होता. एका लाडक्या बंदुकीला त्याने ‘यक्का-ओ-जनाजा’ असे नाव दिले होते. तिची गोळी ज्याला लागेल त्याची तिरडीच उठावयाची, असा अर्थ. पुढची हकिगत त्याचा भाऊ जहांगीर याने आत्मचरित्रात दिली आहे. दानियलाने मुर्शिदकुलीखान नावाच्या बंदूकवाल्याची विनवणी केली. त्याने त्याच बंदुकीची नळी तेज मद्याने भरली आणि पहाऱ्यातून आत आणली. आपल्या भाषेत बंदुकीत भरतात ती दारू आणि पितात तीही दारू. पहारेकऱ्यांनी सारे तपासले, पण नळीत पाहण्याचे कोणास सुचले नाही. आत जुन्या बाराची काजळी होती, गंज होता. तो त्या तीव्र मद्यात विरघळला. दानियल ते प्याला आणि अंथरुणास खिळला.

मार्च १६०५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो बऱ्हाणपुरास वारला. बातमी आग्र्यास पोचली तेव्हा अकबर थकलेला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तोही गेला.