मातीला राजा मिळाला तेव्हा : राजर्षी शाहू महाराज आणि कोल्हापूरच्या तालमी

26 जूनला धुळे-जळगावच्या शाळांत, तहसील कचेरीत, ग्रामपंचायतीत राजर्षी शाहू महाराजांच्या फोटोला हार पडतो. सामाजिक न्याय दिन म्हणून भाषणं होतात. आरक्षण, वसतिगृहं, सक्तीचं शिक्षण, राधानगरीचं धरण, हे सगळं सांगितलं जातं आणि सांगायलाच पाहिजे. धुळ्यात तर नाट्यमंदिरच त्यांच्या नावाचं आहे. पण एक गोष्ट दरवर्षी मागे राहते. यात्रा भरली की गावोगाव कुस्त्यांची आम दंगल होते, पोरं लंगोट लावून लाल मातीत उतरतात, त्या कुस्तीला महाराष्ट्रात पक्कं घर बांधून दिलं ते याच राजाने.

कागलचा पोर गादीवर

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा. मूळ नाव यशवंतराव, घराणं कागलच्या घाटग्यांचं. वडील जयसिंगराव, आई राधाबाई. आई लहानपणीच गेली. 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले तेव्हा वय दहासुद्धा पूर्ण नव्हतं. दोनच वर्षांत वडीलही गेले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला फ्रेझर साहेबाच्या देखरेखीखाली शिक्षण झालं. 2 एप्रिल 1894 ला राज्याची सूत्रं हातात आली.

अंगाने धिप्पाड, उंचेपुरे. शिकारीचा नाद, घोड्यांचा नाद, हत्तींच्या साठमारीचा नाद. पण सगळ्यात मोठा नाद कुस्तीचा. तरुणपणी स्वतः जोर-बैठका काढून, मातीत उतरून अंग कमावलेलं. त्यामुळे पैलवानाला काय लागतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पैलवान एकटा होत नाही

शेतात बी चांगलं असून भागत नाही. जमीन, पाणी, खत आणि राखण लागते. पैलवानाचंही तसंच आहे. अंगात रग असलेला पोरगा कोणत्याही गावात सापडतो. पण त्याला राहायला तालीम पाहिजे, शिकवायला वस्ताद पाहिजे, दूध-तूप-बदामाचा खुराक पाहिजे, आणि रोज अंगाला अंग भिडवायला तोडीस तोड जोडीदार पाहिजे. यातलं एक जरी कमी पडलं तरी पोरगा यात्रेतल्या नारळाच्या कुस्तीपुढे जात नाही.

शाहू महाराजांनी नेमकं हे चारही जमवलं. कोल्हापुरात पेठापेठांत तालमी होत्या, त्यांना बळ दिलं. होतकरू मल्लांचा खुराक दरबारातून सुरू झाला. आखाड्याची माती म्हणजे वावरातली माती नव्हे. चाळून घेतलेल्या लाल मातीत तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घालून ती मुरवावी लागते, तेव्हा अंगाला लागत नाही आणि जखम चिघळत नाही. असल्या गोष्टींवर खर्च करायला राजा तयार होता.

जोडीदाराचा प्रश्न मोठा होता. त्या काळात देशात नाव होतं पंजाबच्या मल्लांचं. महाराजांनी उत्तरेतले नामी पैलवान कोल्हापुरात बोलावले, त्यांना आश्रय दिला आणि आपल्या पोरांना त्यांच्याबरोबर लढायला लावलं. सुरुवातीला कोल्हापूरकर चीतपट होत. पण रोज मार खाणारा पोरगाच एक दिवस डाव ओळखायला लागतो. दख्खनची चपळाई आणि पंजाबची ताकद एका हौद्यात आली, आणि तिथून कोल्हापूरची कुस्ती वर चढली.

राजांची चुरस

त्या काळी पैलवान हा दरबाराचा मान होता. पतियाळा, दतिया, इंदूर, बडोदा, सांगली, मिरज, अशा संस्थानांचे मल्ल असत. एका दरबाराचा पैलवान हरला की नाक त्या राजाचं कापलं जाई. जिंकला की फेटा, कडं, इनाम आणि वर्षाची बिदागी. गामा पैलवानालाही दतिया आणि पुढे पतियाळा दरबाराचा आधार होता. 1910 मध्ये गामा आणि त्याचा भाऊ इमामबक्ष लंडनला जाऊन युरोपच्या मल्लांना भारी पडले आणि हिंदुस्थानभर कुस्तीची हवा झाली.

अशा चुरशीत उतरायचं तर कोल्हापुरात तसलंच मैदान पाहिजे होतं. 1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहिलं. याच दौऱ्यात असताना, 26 जुलै 1902 ला, मागासवर्गीयांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम निघाला. एका दौऱ्याची ही दोन कामं.

परत आल्यावर खासबागेत मैदानाचं काम सुरू झालं. 1907 ला सुरू झालेलं काम 1912 ला पुरं झालं. मधोमध मातीचा हौदा आणि भोवती गोल चढत जाणारी बैठक. मध्ये एकही खांब नाही. पुढे बसलेला सरदार असो की पार मागे बसलेला गडी, डाव सगळ्यांना सारखा दिसतो. उद्घाटनाला इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती लागली आणि इमामबक्ष जिंकला. दोन्ही मल्ल उत्तरेचे. पण तो सामना बघायला बसलेल्या कोल्हापूरच्या पोरांसमोर पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं माप ठेवलं गेलं.

आखाड्यातली जात

राजाची दुसरी लढाईही याच मातीत चालू होती. वेदोक्त प्रकरणात खुद्द महाराजांना जातीचा चटका बसला होता. मग महार-चांभाराच्या पोराला कोण आखाड्यात घेणार? कुस्तीत अंगाला अंग लागतं, एकाचा घाम दुसऱ्याला लागतो. शिवाशिव पाळून कुस्ती होतच नाही.

महाराजांनी यावर भाषण देण्यापेक्षा साधी युक्ती केली. महार पैलवानांना जाट, चांभार पैलवानांना सरदार आणि सफाई करणाऱ्या समाजातल्या पैलवानांना पंडित अशी नावं देऊन मैदानात उतरवलं. समोरचा कोण हे विचारायच्या आत कुस्ती लागलेली असे. ज्याने पाठ लावली तो मोठा, एवढाच हिशोब. हाच राजा पुढे गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायला थांबत असे, आणि 1920 च्या माणगाव परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांना अस्पृश्य समाजाचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं करणाराही तोच. आखाडा आणि परिषद या त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

राजा गेल्यावर

6 मे 1922 ला मुंबईत महाराज गेले. वय अवघं 47. गादीवर राजाराम महाराज आले, तालमी चालू राहिल्या. पण या सगळ्या व्यवस्थेत एक कच्चा दुवा होता. खुराक राजाच्या मर्जीवर होता. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो आधार तुटला.

याचा अर्थ काय झाला ते खाशाबा जाधवांच्या उदाहरणावरून कळतं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोर कोल्हापूरला शिकायला आणि लढायला गेला. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. 1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान उरलं नव्हतं. मग गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. राजाची जागा एका मास्तरने भरून काढली म्हणून ते आलं.

तालमी मात्र टिकल्या, कारण त्या तोपर्यंत पेठांच्या झाल्या होत्या. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाली. राजाराजांची चुरस गेली आणि तालमीतालमींची आली. एका वस्तादाचे पठ्ठे आपसात मैदानात लढत नाहीत, पण शेजारच्या तालमीचा मल्ल पाडायला वर्षभर रात्र-पहाट एक करतात. याच चुरशीतून 1959 चा पहिला हिंद केसरी श्रीपती खंचनाळे घडला, 1960 चा गणपतराव आंदळकर घडला. लातूर भागातला हरिश्चंद्र बिराजदार गंगावेशीत येऊन राहिला आणि 1969 चा महाराष्ट्र केसरी झाला. कोल्हापूरने बाहेरच्या पोराला परका मानलं नाही, हीही महाराजांचीच रीत.

खान्देशला राजा नव्हता

खान्देशचं दुखणं इथेच आहे. हा मुलूख थेट इंग्रजांच्या कलेक्टरखाली होता. 1906 ला त्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन जिल्हे झाले, पण खुराक देणारा दरबार दोन्हीकडे नव्हता. इथली कुस्ती मारुतीच्या देवळामागच्या तालमीवर आणि यात्रेच्या वर्गणीवर जगली. लोकांनी खिशातून इनाम लावले, भांडी ठेवली, फेटे बांधले. हौस कधीच कमी नव्हती. दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1962 ला धुळ्यातच झाली आणि भगवान मोरे यांनी ती मारली. 1966 ला स्पर्धा जळगावला आली आणि ती दिनानाथ सिंह यांनी मारली.

पुढे चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. खान्देशच्या मातीत बी आहे हे त्याने दाखवलं. पण त्यालाही घर सोडून पुण्याच्या तालमीत घाम गाळावा लागला. आजही तालुक्यातला होतकरू पोरगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की बाप त्याला पुण्या-कोल्हापूरच्या गाडीत बसवतो. तोपर्यंत घरची म्हैस त्याच्या नावाची, डेअरीला दूध घालायचं बंद. ज्याच्या घरी म्हैस नाही त्याच्या पोराचं नाव यात्रेच्या दंगलीतच संपतं.

शाहू महाराजांनी जे केलं त्याला फार मोठा खजिना लागत नव्हता, लक्ष लागत होतं. कोणत्या पोराच्या अंगात काय आहे ते बघणारा माणूस, छप्पर, वस्ताद आणि रोजचं दूध. 26 जूनला फोटोला हार घालून झाला की गावच्या तालमीचं कुलूप उघडून आत एकदा पाहावं. माती ओली आहे की तिथे खताच्या गोण्या रचल्या आहेत, त्यावरून महाराज आपल्या गावात किती उरलेत ते समजेल.