बाबासाहेब आणि नद्यांचे पाणी

बाबासाहेब आणि पाणी म्हटले की आपल्या घराघरांत एकच तारीख आठवते, २० मार्च १९२७. महाडचे चवदार तळे. ते बरोबरच आहे. पण त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी याच महामानवाने देशातल्या मोठमोठ्या नद्यांचे पाणी कसे अडवायचे, कुठे वळवायचे आणि त्यापासून वीज कशी काढायची याची आखणी दिल्लीत बसून केली, हे आपल्या वस्तीतल्या किती पोरांना ठाऊक आहे? जयंतीच्या भाषणांत हा भाग सहसा येतच नाही. म्हणून या स्मरणिकेत आम्ही तोच सांगायचे ठरवले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमा साताऱ्याच्या शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तसेच बसायचे. पुढची गोष्ट १९०१ सालची. वडील सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात कॅशियरच्या नोकरीवर होते. काम कसले, तर दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने काढलेले तलाव खोदण्याचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले त्यांच्याकडे निघाली, मसूर स्टेशनावर उतरली आणि बैलगाडीने वाटेला लागली. जात कळल्यावर रात्रभर कोणी त्यांना पाणी दिले नाही. जवळ जेवण होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली कसे उतरणार? उपाशीच झोपली लेकरे. बाप तलावाच्या कामावर आणि पोरे पाण्यावाचून, हे वाचताना आमच्या पोटात आजही कालवते.

शिक्षण, परदेश, बॅरिस्टरी हे सर्वांना माहीत आहे, इथे सांगत बसत नाही. एवढेच ध्यानात ठेवू की ते आधी अर्थशास्त्री होते. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार कमी करून त्यांना कारखान्यांत काम दिले पाहिजे, असे त्यांचे मत होते. कारखाने म्हटले की वीज आली, आणि स्वस्त वीज म्हटली की नदी आली.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आपण त्यांना कामगारांच्या कायद्यांसाठी ओळखतो. पण पाटबंधारे आणि वीज ही दोन्ही खातीही त्याच विभागात होती.

वर्षभरातच, जुलै १९४३ मध्ये, दामोदर नदीला महापूर आला. ही नदी छोटा नागपूरच्या डोंगरात उगम पावते आणि बंगालात हुगळीला मिळते. बरद्वानजवळ तिचा बांध फुटला. गावे बुडाली, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड बंद पडले, कलकत्त्याची वाट तुटली. वर महायुद्ध चालू आणि त्यात बंगालचा तो भयंकर दुष्काळ! बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिच्यात होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी जसे एकच प्राधिकरण झाले, तसे इथे करावे, अशी सूचना पुढे आली.

बाबासाहेबांनी ती उचलून धरली. तोवर पूर म्हटला की बांध घाला आणि पाणी लवकर समुद्राकडे घालवा, एवढाच विचार होता. बाबासाहेबांनी तो उलटा केला. या देशात पाणी जास्त झाले हे दुखणे नाही, ते साठवत नाही हे दुखणे आहे. एकच धरण पूर अडवील, शेत भिजवील, वीज देईल, नावाही चालवील. याला म्हणायचे बहुउद्देशीय योजना.

खरी अडचण पाण्याची नव्हती, हद्दीची होती. १९३५ च्या कायद्याने पाटबंधारे प्रांतांकडे गेले होते. धरणाची जागा बिहारात, पूर बंगालात. बिहारने म्हणावे, जमीन आमची बुडणार, फायदा त्यांचा. मग आम्ही का? (आपल्याकडे दोन घरांत एक नळ असला तरी काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.) रेल्वेला प्रांताची शीव आड येत नाही, मग नदीला का यावी, असा त्यांचा मुद्दा होता. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात त्यांनी बिहार, बंगाल आणि केंद्र यांना एकत्र बसवले. ऑगस्टमध्ये पुन्हा बैठक झाली. टेनेसीहून आलेले इंजिनियर वुर्दिन यांनी आठ धरणांचा आराखडा दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयनाचा केंद्रीय आयोग निघाला. त्याचे अध्यक्ष अ. ना. खोसला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच वाढला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी बाबासाहेब कटकला गेले आणि ओरिसाच्या महानदीचा प्रश्न हाती घेतला. त्यातून हिराकूड धरण उभे राहिले.

१९४६ मध्ये ते मंडळातून बाहेर पडले, पण काम थांबले नाही. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ सुरू झाले. तोवर ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री होते. राज्याराज्यांतल्या पाण्याच्या तंट्यांसाठी घटनेत २६२ वे कलम आले, तेही त्यांच्या मसुदा समितीच्या काळातले.

आता खरे ते सांगायला हवे. आठ धरणांपैकी आधी चारच झाली: तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. साठवण कमी पडली, म्हणून खालच्या बंगालात पूर पुढेही येत राहिले. दुर्गापूरच्या बंधाऱ्यापासून एक कालवा दामोदरचे पाणी घेऊन हुगळीकाठच्या त्रिवेणीपर्यंत नेला, नावा चालाव्यात म्हणून. पण ती वाहतूक मनासारखी वाढली नाही. आणि मैथन-पंचेतच्या पाण्याखाली संथाळांची गावे गेली, हिराकूडमध्ये लाखभर माणसे उठली. कित्येकांना पुरेसा मोबदला मिळाला नाही. योजना आखणाऱ्याच्या मनात गरीब होता. ती राबवणाऱ्यांच्या मनात तो तेवढा राहिला नाही, असे आम्हाला वाटते.

हिराकूडचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अडतीस दिवस झाले होते.