केडगावच्या रमाबाई

शाळेत आपल्याला पंडिता रमाबाई भेटल्या त्या समाजसुधारकांच्या यादीत. आर्य महिला समाज, शारदा सदन, की लगेच पुढचं नाव. त्या ख्रिस्ती झाल्या, याचा उल्लेख आपल्याकडे आजही थोडा चाचरतच होतो. पण ती श्रद्धा बाजूला ठेवली, तर त्यांचं काम अर्धंच कळतं असं मला वाटतं. म्हणून स्मरणिकेसाठी मी त्यांच्यावरच लिहायचं ठरवलं.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमाबाईंना दिलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. १८७४च्या सुमारास दुष्काळात वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. भावाबरोबर पायी भटकत त्या १८७८मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या धर्मभगिनींनी लंडनजवळ फुलहॅमला चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांची तिथे मायेने सेवा होत होती. अशा बायकांविषयी कळवळा वाटावा, ही गोष्टच रमाबाईंना नवी होती. ही माया येते कुठून, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र धर्मगुरूंचं प्रत्येक म्हणणं त्यांनी मान्य केलं नाही. त्यांच्याशीही त्या वाद घालत राहिल्या.

मुंबईत १८८९मध्ये सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ, उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. स्वतःच्या घरातले भूकबळी पाहिलेल्या बाईला ती भूक वेगळी समजावून सांगावी लागली नसेल. पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. फुलहॅमला पाहिलं तसं कृपा सदनही तिथे निघालं. मुलींना अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम आणि छपाई शिकवली जाई. अंध मुलींसाठीही शिकण्याची सोय होती. आयुष्यभर कुणाच्या दयेवर राहावं लागू नये, हा त्यामागचा हेतू.

मला सर्वांत भिडतं ते त्यांचं शेवटचं मोठं काम. बायबल साध्या बायकांना वाचून कळावं, म्हणून एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि ते सोप्या मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुक्तीतल्या मुली-बायका करत. संगणकाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय, की अवघड गोष्ट अवघडच ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत. वापरणाऱ्याला ती सहज कळावी यासाठी स्वतःची हुशारी मिरवण्याचा मोह सोडावा लागतो. रमाबाईंनी तो सोडला होता.

१९२१मध्ये मनोरमा गेली. संस्थेची धुरा जिच्याकडे जायची, ती लेक आईच्या आधी गेली. रमाबाई भाषांतराच्या कामात राहिल्या आणि ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

आपल्यापैकी कुणाची श्रद्धा कशावर, कुणाची कशावरच नाही. रमाबाईंचा देव आपला असो वा नसो, त्याच्यापायी त्या कुणाच्या दारी गेल्या, हे विसरू नये. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. मुक्ती मिशन आजही तिथे आहे. कधी जमलं, तर आपल्या बॅचने एकदा तिथे जाऊन यावं.