बेडकाच्या दोन हृदयांची साक्ष

मज्जातंतूंमधून संदेश विजेच्या रूपाने धावतो, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. मात्र जेथे एक तंतू संपतो, तेथून पुढच्या पेशीपर्यंत हा संदेश कसा जातो, याचा उलगडा झालेला नव्हता. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते, हे स्पेनच्या रामॉन काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने दाखवून दिले. पेशींच्या या सांध्याला इंग्लंडमधील चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ साली सिनॅप्स हे नाव दिले. वीजच हा सांधा ओलांडून जात असावी, असा बहुतेकांचा समज होता. त्या समजाला पहिला जबर धक्का दिला तो ओटो लोवी यांनी.

लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका ज्यू मद्यव्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांना कलेच्या इतिहासाचा अभ्यास करायचा होता. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी वैद्यकाचा मार्ग धरला. पदवीनंतर फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते आणि डॉक्टरांच्या हाती काही उपाय नव्हता. रुग्णसेवा सोडून ते औषधशास्त्राच्या संशोधनाकडे वळले ते या हतबलतेमुळे. मारबुर्ग व व्हिएन्ना येथे काम केल्यानंतर १९०९ साली ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

त्यांच्या शोधाची कथा स्वप्नाची म्हणून प्रसिद्ध आहे. ईस्टरच्या सुमारास एका रात्री त्यांना जाग आली, सुचलेले काहीतरी त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर खरडले आणि ते पुन्हा झोपी गेले. सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परतली, तेव्हा ते तडक प्रयोगशाळेत गेले. हे वर्ष त्यांनी पुढे १९२० असे सांगितले, शोधनिबंध मात्र १९२१ चा आहे. या कथेने खऱ्या कामावर थोडा अन्यायच केला, असे म्हणावे लागेल. मज्जातंतूच्या टोकाशी रसायन स्रवत असावे, ही शक्यता त्यांनी १९०३ मध्येच एका सहकाऱ्याशी बोलताना मांडली होती, आणि बेडकाच्या हृदयावर काम करण्याची पद्धतही त्यांच्या हातात बसलेली होती. स्वप्नाने या दोन गोष्टींची सांगड घातली, इतकेच.

प्रयोग कमालीचा साधा होता. बेडकांची दोन हृदये वेगळी काढून धडधडत ठेवली, एकाचे मज्जातंतू शाबूत, दुसऱ्याचे काढून टाकलेले. दोन्हींत क्षारांचे द्रावण भरले. पहिल्या हृदयाच्या व्हेगस या मज्जातंतूला विजेने उत्तेजित करताच त्याचे ठोके मंदावले. त्यातील द्रावण दुसऱ्या हृदयात घालताच, कोणताही मज्जातंतू नसताना, तेही मंदावले. गती वाढवणाऱ्या मज्जातंतूचा प्रयोगही तसाच साधला. संदेश द्रावणातून गेला होता, म्हणजे तो रासायनिक होता.

इतरांना मात्र हा प्रयोग नेहमी साधेना. बेडकाची जात, ऋतू, तापमान यांवर निकाल बदलत असे. शंका वाढत गेल्या. अखेर १९२६ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत लोवी यांना सर्वांसमक्ष हा प्रयोग अठरा वेळा करून दाखवावा लागला. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली: हे रसायन हृदयातील एक विकर झपाट्याने नष्ट करते आणि फायसोस्टिग्मिन हे औषध त्या विकराला रोखते. हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके याच विकराला निकामी करतात. अशा औषधाची फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्याला आपल्याकडे ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात, ते साठलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखण्यासाठी.

१९३६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लोवी आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र हेन्री डेल यांना विभागून मिळाले. दोनच वर्षांत दिवस पालटले. मार्च १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्याच रात्री सशस्त्र टोळी घरात घुसली आणि लोवींना तुरुंगात टाकण्यात आले. त्यांच्या दोन मुलांनाही पकडले. आपला वध होणार, अशी त्यांची खात्री झाली. जिवापेक्षाही त्यांना चिंता होती ती अप्रकाशित राहिलेल्या ताज्या प्रयोगाची. पहारेकऱ्याकडून मोठ्या मिनतवारीने पोस्टकार्ड आणि लेखणी मिळवून त्यांनी ते निष्कर्ष एका विज्ञान-नियतकालिकाकडे रवाना केले, तेव्हा कोठे त्यांचे मन शांत झाले.

दोन महिन्यांनी सुटका झाली, पण देश सोडण्याची किंमत मोजावी लागली. स्वीडनच्या बँकेत ठेवलेली नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेकडे वळती करण्याचा हुकूम झाला. पत्नी गुइडा यांना मालमत्तेच्या व्यवहारासाठी मागे अडकवून ठेवले गेले. त्यांची भेट १९४१ मध्ये अमेरिकेतच झाली. ब्रसेल्स, ऑक्सफर्ड असा मुक्काम करीत लोवी १९४० साली न्यूयॉर्क विद्यापीठात रुजू झाले होते. तेव्हा त्यांचे वय ६७ होते.

मेंदूच्या आतही रसायनेच निरोप नेतात काय, हा वाद त्यानंतरही धुमसत राहिला. विद्युतपक्षाचे खंदे समर्थक जॉन एकल्स यांनी १९५१ साली स्वतःच्याच प्रयोगानंतर आपले मत बदलले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली, सुमारे २० नॅनोमीटरची. आणि तिच्या काठाशी रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्याही. हे सारे पाहायला लोवी हयात होते. २५ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.